भीमाबाईचं सूप

अच्युत तात्यापारा मोहल्ल्यातल्या घरून निघाला तो फक्त रिपोर्ट आणायला. धाकटी बहीण इंदू दोन वर्षं डायलिसिसवर होती. आता किडनी बदलल्याशिवाय ती काही वाचत नव्हती. डॉक्टरांनी कागद पुढं सरकवला. अच्युतची किडनी तिला सहापैकी सहा जुळत होती. सख्ख्या भावंडांतही असं चारात एखाद्याचंच जुळतं म्हणे. अच्युतला आभाळ ठेंगणं झालं.

घरी आईनं, सुशीलाबाईंनी, ऐकलं आणि तव्यावरची पोळी करपली.

"पण तू माझा कुठं आहेस, बापू?"

त्याच्याआधीची दोन मुलं गेली होती. म्हणून बाराव्या दिवशी त्याला सुपात घालून छत्तीसगढी बोलणाऱ्या भीमाबाई दाईच्या ओटीत दिलं होतं, मरणाची नजर चुकावी म्हणून. वाढला घरीच, पण मुंजीच्या वेळी दाईला लुगडं नेसवून त्याला परत मागून घ्यायचं होतं. त्याआधीच भीमाबाई वारली, आणि तो तिचाच राहिला.

"तिले विचारल्याबिगर काही देऊ नको."

"मेलेल्या बाईले काय विचारू, आई?" अच्युत हसला.

ऑपरेशनच्या आदल्या दुपारी वॉर्ड पेंगत होता. बाळंतिणीच्या खोलीत येतो तसा ओव्याच्या धुरीचा वास आला. कोणी म्हातारी उशाशी बसून त्याचं पोट चाचपत होती. हात थंडगार. आया असेल, त्याला वाटलं.

"मोला पूछे नइ, बेटा..." मला विचारलं नाहीस, म्हातारी कुरकुरली.

"बहन के लिए है, दाई."

"तोर बहिनी हे... मोर कोनो नोहय." तुझी बहीण, माझी ती कोणी नाही.

तो धडपडत उठला. उशाशी कोणी नव्हतं, वास मात्र होता. तरी इंदूचा सुजलेला चेहरा आठवून तो कोणापाशी काही बोलला नाही.

ऑपरेशन झकास झालं. नवी किडनी टेबलावरच काम करू लागली. चौथ्या दिवशी मास्क-गाऊन चढवून तो इंदूच्या खोलीत गेला. तिथं बाहेरच्यांना सक्त मनाई होती. तिची सूज उतरलेली बघून त्याला रडूच आलं.

"दादा, ती म्हातारी लय चांगली आहे. रोज दुपारी पोट चोळून देते."

"काय... काय म्हणते?"

"म्हणते, माझ्या लेकराचं तुझ्या पोटात आहे, आता तूबी माझीच." इंदू कुशीवर वळली. तिच्या उघड्या पाठीवर सुपाची वीण उमटली होती, ताजी, लाल. "सोमवारी घेऊन जाते म्हणाली. पण सुपात एकच मावते म्हणे..."

"इंदू!"

"तुम्ही तिले विचारलं नाही, पण ती विचारूनच नेणार. आधी कोण, ते तुलेच विचारून राहिली." इंदू गोड हसली. "सांग ना, दादा..."

मास्कच्या आत ओव्याची धुरी झोंबू लागली.