पुसायला आणलेली हार्ड डिस्क

मला भुताखेतांचं विचारू नका. माझा त्यांच्यावर विश्वास नाही, आणि त्यांचाही माझ्यावर नसावा. पण माझ्या साडूच्या दुकानात एका रात्री जे झालं, ते सांगतो. मोबाइल बाजूला ठेवा. आणि मध्येच तोंड घालायचं नाही. धाकटे, हे तुला सांगतोय.

साडूला सगळे भडका म्हणायचे. कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान होतं त्याचं, बाजारातून आत वळलं की तिसरा गाळा. हाताला गुण असा, की मेलेलं मशीन उठवायचा. फक्त मशीन घेऊन आलेल्या माणसाला आधी मारून. कीबोर्डात चहा सांडलेला दिसला की गिऱ्हाइकाचा उद्धार झालाच म्हणून समजा. आणि कोणी म्हटलं, 'आपोआप बंद पडला हो,' तर संपलंच. "आपोआप काही होत नसतं," तो म्हणायचा. "कोणीतरी काहीतरी करतं, आणि मग तोंड वर करून माझ्याकडे येतं."

जानेवारीतला दुसरा गुरुवार होता. भडका ठोक बाजारात रॅम आणि दोन एसएसडी आणायला गेला होता. परत आला तेव्हा आठ चाळीस झाले होते. आजूबाजूची शटरं खाली आली होती. त्याच्या पायरीवर एक माणूस मांडीवर कापडी पिशवी घेऊन बसला होता.

चष्मेवाला. मागच्या गल्लीत त्याचं चष्म्यांचं दुकान. अतिशय मऊ बोलणारा, कोणाच्या अध्यात ना मध्यात. बारा दिवसांपूर्वी त्याची बायको गेली होती. घरातल्या जिन्यावरून पडली, असं सगळ्यांनी ऐकलं होतं.

"उशीर केलात," तो म्हणाला. "पण आजच हवंय. हा जुना लॅपटॉप आहे. नवी एसएसडी टाका, रॅम वाढवा, सगळं कोरं करून द्या. स्क्रीनचं नंतर बघू."

"आणि जुन्या डिस्कमधलं?"

"काही नको. पुसून टाका. माझ्यासमोर."

भडक्याने पिशवीतून लॅपटॉप काढला आणि त्याचा हात थांबला.

हा लॅपटॉप त्याच्या ओळखीचा होता. दोनदा त्यानेच दुरुस्त केला होता. एकदा बिजागरी तुटली होती, एकदा स्क्रीन. दोन्ही वेळा चष्मेवाल्याची बायकोच घेऊन आली होती. घरी बसून पुस्तकांची मुद्रितं तपासायची ती. कमी बोलायची. तिसऱ्यांदा आली ती मरायच्या तीन आठवडे आधी. मनगटाला पट्टी होती. भडक्याने ती पाहिली होती. नुसती पाहिली होती.

"यातल्या काही फाइली काढून दुसरीकडे ठेवता येतील का?" तिने विचारलं होतं. "आजच्या आज?"

दुकानात गर्दी होती. भडक्याने लॅपटॉपवरचा नवा पोचा बघितला आणि चारचौघांत तिच्यावर तोंड सोडलं. "बाई, हा वापरता की धोपटता? आपटायचं तुम्ही आणि सांधायचं मी. आधी नीट वापरायला शिका, मग या."

मागचे दोघे हसले. तिने लॅपटॉप पिशवीत घातला, चेन लावली आणि ती गेली. परत आली नाही.

तो लॅपटॉप आता टेबलावर होता, आणि समोर तिचा नवरा.

"स्क्रीन कशाने फुटली?" भडक्याने विचारलं.

"पडला ना. जिन्यावरून. तिच्या हातात होता."

भडक्याने दिवा जवळ ओढला. पंचवीस वर्षं पडलेले लॅपटॉप पाहिले होते त्याने. जो पडतो, त्याचा कोपरा जातो. कोपरा पिचतो, प्लॅस्टिक फुटतं, आतला स्क्रू उखडतो. याचे चारही कोपरे शाबूत होते. पोचा होता तो बरोबर मध्ये, जिथे टाइप करताना मनगटं टेकतात तिथे. वरून बसलेला. एका जागी, अनेकदा.

हा लॅपटॉप जिन्यावरून पडलेलाच नव्हता.

आता तुम्हाला भडका माहीत आहे. एरवी त्याने त्या माणसाची गचांडी धरली असती. संताप त्याच्या कानशिलांपर्यंत चढला होता, त्यानेच सांगितलं मला, नुसते ठोके ऐकू येत होते. पण आयुष्यात पहिल्यांदा त्याने जीभ दाताखाली धरली. कारण याला हाकललं, तर हा घरी जाऊन डिस्क फोडणार, एवढं त्याला कळलं होतं.

"मग पोलिसांना फोन नाही का करायचा, मामा?"

काय सांगून करायचा, धाकटे? लॅपटॉपचे कोपरे चांगले आहेत म्हणून? गप्प ऐक.

त्याने काम सुरू केलं. बॅटरी काढली. कीबोर्ड उचकटून बाजूला ठेवला. फुटलेला स्क्रीन, त्याच्या वायरी, सगळं सोडवलं. दोन बारीक स्क्रू काढून हार्ड डिस्क बाहेर घेतली, ती टेबलाच्या पलीकडच्या टोकाला ठेवली. खालच्या खणात तशाच दिसणाऱ्या मेलेल्या डिस्का पंचवीस-तीस तरी पडल्या होत्या. त्यातली एक गुपचूप बदलायची, असं त्याने मनात धरलं. त्यासाठी चष्मेवाल्याची नजर क्षणभर हटायला हवी होती. ती हटत नव्हती.

"एवढा काय वेळ लागतो?" चष्मेवाला म्हणाला.

"नवी रॅम धरते का बघतो. मग तुमची डिस्क पुसू."

त्याने नुसत्या सांगाड्याला दुकानाचा मॉनिटर जोडला. चार्जर लावला. बटण दाबलं. काळ्या पडद्यावर पांढरी ओळ आली, डिस्क सापडत नाही. बरोबर होतं. डिस्क नव्हतीच आत.

दहा वाजून पाच मिनिटं झाली होती.

त्या लॅपटॉपच्या स्पीकरमधून खरखर आली.

भडक्याला वाटलं, कुठेतरी वायर हलली. त्याने बोटाने दाबून पाहिली. खरखर थांबली नाही. तिच्यामागे काहीतरी होतं. कोणीतरी श्वास घेत होतं. तोंडावर हात दाबून घेतात तसा… अडवलेला.

"काय लावलंय?" चष्मेवाल्याने विचारलं.

"मी काही नाही लावलं."

मग दारावर थाप पडली. स्पीकरमधल्या दारावर. आणि एक आवाज आला. मऊ, समजूतदार. चष्म्याचा नंबर सांगतात तसा.

"दार उघड. मी तीन मोजतो."

चष्मेवाला खुर्चीतून उठला. आवाज त्याचाच होता.

"बंद करा."

भडक्याने चार्जर उपसला. मॉनिटर काळा झाला. बॅटरी टेबलावर होती, डिस्क टेबलावर होती. त्या सांगाड्यात आता काही म्हणजे काहीच नव्हतं.

"एक," स्पीकर म्हणाला.

"बंद करा म्हटलं ना."

"वीजच नाहीये त्यात," भडका म्हणाला. स्वतःचा आवाज त्याला लांबून आल्यासारखा वाटला.

"दोन."

श्वास थांबला. जो कोणी तिथे श्वास घेत होता, तो थांबला. समोर चष्मेवाल्याचा चेहरा बदलत होता. भीती नव्हती त्यावर. भीती असती तर मला बरं वाटलं असतं, भडका म्हणायचा. राग होता. आपल्या मालकीची वस्तू उलटून बोलली, तसा राग.

तीन झालं नाही. तीनच्या जागी नुसती शांतता… लांब…

आणि चष्मेवाल्याने मूठ वळून त्या लॅपटॉपवर हाणली. एकदा. दोनदा. तिसऱ्यांदा. दात खाऊन म्हणाला, "अजून. अजून ऐकत नाही."

मूठ बरोबर त्या पोच्यात बसत होती. साच्यात बसावी तशी.

भडक्याला तेवढंच हवं होतं. त्याने खणात हात घातला, एक मेलेली डिस्क वर ठेवली, खरी खाली सरकवली. चष्मेवाला भानावर आला तेव्हा त्याच्या बोटांतून रक्त येत होतं. त्याने रुमालाने बोटं पुसली, केस सारखे केले. आवाज पुन्हा मऊ झाला.

"माफ करा. मनःस्थिती बरी नाही माझी. नवं काही नको आता. ती डिस्क द्या."

भडक्याने दिली. चष्मेवाल्याने टेबलावरची हातोडी न विचारता उचलली आणि उंबऱ्यावर त्या डिस्कचा चेंदा केला. अगदी निगुतीने, चारी बाजूंनी. मग तुकडे वेचले, लॅपटॉपचा सांगाडा, कीबोर्ड, स्क्रीन सगळं पिशवीत भरलं.

"तुम्ही काही ऐकलं का?" जाताना त्याने विचारलं.

"बिघडलेल्या स्पीकरची खरखर," भडका म्हणाला. "त्यात काय ऐकायचं?"

तो गेला. त्याची पावलं कोपऱ्यावर वळेपर्यंत भडका हलला नाही. मग त्याने शटर आतून ओढून घेतलं आणि खण उघडला.

ती डिस्क तळहातावर घेतली तेव्हा ती गरम होती. आणि फिरत होती. कशालाही जोडलेली नसताना. हातात पाखरू धरल्यावर जाणवतं तसं जाणवत होतं, तो म्हणाला, पण घाबरलेलं पाखरू नाही. चिडलेलं.

मग तो माणूस, ज्याने जन्मात कोणाची माफी मागितली नव्हती, बायकोचीही नाही, तो त्या डिस्कशी बोलला.

"ताई, चुकलं माझं," म्हणाला. "तुम्ही मदत मागायला आला होतात. मी चारचौघांत बोललो. मला माफ करा."

डिस्क थांबली. हातातल्या हातात थंड झाली.

त्याला वाटलं, ऐकलं तिने. रडला तो. मग डिस्क एका प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून खणात ठेवली, खणाला कुलूप लावलं, आणि रात्रभर त्या कुलपासमोर बसून राहिला.

सकाळी साडेसहाला तो माझ्या दारात. डोळे लाल. "चल माझ्याबरोबर," म्हणाला, "मी एकटा बोललो तर तिथेही भांडण करीन." आम्ही दोघं पोलिसांकडे गेलो. ड्युटीवर एक बाई अधिकारी होत्या. स्पीकरचं काही आम्ही सांगितलं नाही, वेड्यात काढलं असतं. कोपऱ्यांचं सांगितलं, मुठीचं सांगितलं. त्यांनी आमच्यासमोर डिस्क मोहोरबंद केली, सह्या घेतल्या.

तिच्यात आवाजाच्या चौदा फाइली होत्या. आठ महिन्यांच्या. ती बिचारी मुद्रितं तपासायची ना, तशाच नीट ठेवलेल्या. प्रत्येकीला तारीख, वेळ. शेवटच्या फाइलीत तो तीन मोजतो… आणि नंतर जिना आहे. ते मी सांगणार नाही.

त्याला जन्मठेप झाली. न्यायालयातही मऊच बोलत होता. म्हणाला, सगळं आपोआप झालं. भडका मागच्या बाकावर बसला होता. मी त्याचा दंड घट्ट धरून ठेवला होता, नाहीतर तिथेच दुसरा खटला उभा राहिला असता. निकालाच्या दिवशी त्या बाईचा भाऊ आला आणि भडक्याच्या पाया पडायला वाकला. भडका दोन पावलं मागे सरला. "माझ्या नका पडू," म्हणाला. "मी तिला परत पाठवली होती."

हे सगळं झाल्यावर, एका संध्याकाळी, त्या अधिकारी बाईंनी आम्हा दोघांना बोलावलं. गुन्ह्याचं नाही, म्हणाल्या, खटल्यात हे मी आणलंही नाही, पण मला झोप येत नाही.

डिस्कमध्ये पंधरावी फाइल होती.

तारीख त्या गुरुवारची. वेळ रात्री दहा वाजून चाळीस मिनिटं. तेव्हा डिस्क भडक्याच्या तळहातावर होती.

"दुकानात तुमच्याबरोबर कोण होतं?" त्यांनी विचारलं.

"कोणी नाही. शटर ओढलेलं होतं."

त्यांनी फाइल लावली. मी तिथेच बसलो होतो, भडक्याला लागून. आधी खरखर. मग भडक्याचा आवाज, रडवेला. ताई, चुकलं माझं. तुम्ही मदत मागायला आला होतात. मी चारचौघांत बोललो. मला माफ करा.

मग काही नाही. भिंतीवरच्या घड्याळात मी बघत होतो. सात सेकंद…

मग अगदी जवळून, कोणीतरी ओठ माइकला टेकवून बोलावं तसा, एका बाईचा आवाज. चढा नाही. थकलेलाही नाही.

"नाही."

फाइल तिथे संपते.