आत राखलेली माया

संजीवनी बोत्रेंनी स्वतःचा मोहरी रंगाचा ब्लाउज उलटा केला आणि कात्री उचलली. आत शिवणीच्या चार रांगा होत्या, दर वर्षाची एक. वजन उतरवणारी आठवड्याची सुई आल्यापासून निम्मं कराड बारीक झालं होतं आणि त्यांच्या दुकानात नवं शिवण्यापेक्षा जुनं आत घेणंच जास्त चालायचं. आतलं जादा कापड, म्हणजे माया, त्या कधी कापत नसत. गिऱ्हाइकानं कुरकुर केली तर म्हणत, "राहू दे, लागेल कधीतरी."

स्वतःची माया मात्र आज कापायची होती. सुई सुटली की कापायची, असं ठरलेलं.

आरोग्यकेंद्राची नाझनीन सिस्टर रक्त तपासायचं यंत्र घेऊन आली. "बोट द्या, काकू."

"हात घे अख्खा. पण सुई सोडव बाई. चार वर्षं झाली, पुरणाचा वास आला तरी पोटात ढवळतं."

साखर छान निघाली. यकृतही. मग तिसरा आकडा आला, कातरविकराचा. चाळीस. सुई थांबवायला तो विसाच्या आत हवा होता.

"वजन वाढलं नाही, साखर शहाण्यासारखी वागतेय. मग या मेल्याचं काय अडलंय?"

"चरबीच्या पेशींभोवती जाळी असते, काकू. हे विकर ती कापून सैल करतं, नव्या चरबीला जागा करतं. औषधानं बहुतेकांचं शांत होतं. तुमचं अजून जागा करतंय."

"कुणासाठी?"

"जी चरबी गेली, तिच्यासाठीच. ती परत येणार, असं शरीर धरून चाललंय." नाझनीननं यंत्र मिटलं. "सक्ती नाही. सोडलीत तर सोडलीत. पण मग वजन येईल, मागून साखरही. नाहीतर शुक्रवारी पुढची सुई घेऊन येते."

ती गेल्यावर संजीवनीताईंनी ब्लाउज पुन्हा मांडीवर ओढला. इतक्या बायकांना 'लागेल कधीतरी' म्हणताना आपण त्यांची काळजी घेत होतो, की त्या बारीक राहतील यावर आपलाच विश्वास नव्हता? एकीनंही कधी उलट विचारलं नाही.

त्यांनी कात्रीची पाती चौथ्या शिवणीलगत मायेला लावली. कापड जुनं, मऊ. जोर लागलाच नसता, पण त्यांनी पाती मिटली नाहीत.

चार वर्षं उपाशीपोटी आत जागा राखत बसलेलं हे शरीर नेमकं कुणाच्या बाजूनं होतं?