कानशीचे दोन हात

टोलाकाकेट या बिनरस्त्याच्या गावातल्या धावपट्टीला धावपट्टी म्हणायचं, ते केवळ नकाशात तसं छापलंय म्हणून. एरवी ती नदीकाठची खडीची एक लांबट पट्टी. एका टोकाला मॅडलिन एस्मेल्काचं लाकडी घर, दुसऱ्या टोकाला नदी. वसंतात बर्फ फुटून पूर आला की नदी पट्टीचा एखादा लचका तोडून नेते, मग गावातली माणसं तिथे नवी खडी टाकतात, आणि पुढच्या वर्षी नदी ती खडीही नेते. दोघांपैकी कोणीच हार मानत नाही.

लायल ब्रँडवोल्ड या पट्टीवर इतक्या वेळा उतरला होता की आता त्याला तिची खोड ठाऊक झाली होती. टपाल, बाळांचे लंगोट, बंदुकीच्या गोळ्या, एकदा तर मांडीवर लग्नाचा केक घेऊन बसलेली नवरीची आई, सगळं त्याने इथे सुखरूप आणलं होतं. उडण्याआधी विमानाभोवती एकाऐवजी दोन फेऱ्या मारायची त्याला सवय. त्यावरून बाकीचे वैमानिक त्याला ‘आजीबाई’ म्हणायचे. तो म्हणायचा, आजीबाया जगतात फार.

ऑगस्टातली ती दुपार निवांत होती. मॅडलिनच्या अंगणात सॅमन वाळत होते, घरामागे बर्फातली स्लेजगाडी ओढणारे तिचे म्हातारे कुत्रे साखळीला पडून होते. लायल एकाच प्रवाशाला न्यायला आला होता. वर्ना सिपरी. तिचा बाप बेसिल फेअरबँक्सच्या इस्पितळात होता आणि सकाळी डॉक्टरचा फोन आला होता की यायचं असेल तर आज या. बेसिलला लायल चांगला ओळखायचा. त्याच्या धुरीघरातले मासे त्याने खाल्ले होते, त्याची रटाळ अस्वलपुराणंही ऐकली होती.

उतरणं झकास झालं. घोटाळा झाला तो नदीकडच्या टोकाला विमान वळवताना. पुढचं चाक नव्या खडीत भसकन रुतलं, नाक खाली गेलं आणि पुढचा पंखा खडीला लागला. खट्ट, खट्ट. इंजिन अडखळलं, पुन्हा सावरलं. डोळ्याची पापणी लवते तेवढंच काम. लायलने इंजिन बंद केलं.

मग खाली उतरून त्याने पाहिलं. दोन्ही पात्यांची टोकं खरवडली होती, एकाचा कोपरा किंचित मुडपला होता. बाकी काही नाही. ज्याला माहीत नाही तो म्हणाला असता, एवढंच ना.

या ‘एवढंच ना’वरून त्या मुलखातल्या वैमानिकांत कायमचे दोन तट आहेत. एक तट म्हणतो, पात्याखाली ओंडका धरा, हातोड्याने सरळ करा, कानस मारा आणि घरी चला. पुरावा म्हणून ते स्वतःचे पिकलेले केस दाखवतात. ज्यांचं तसं निभावलं नाही ते पुरावा द्यायला येत नाहीत, म्हणून हा वाद मिटत नाही. दुसरा तट म्हणतो, पंखा कशाला लागला की थांबायचं आणि इंजिन उघडून बघायचं, मग गवत का लागलेलं असेना. लायलला शिकवणारा म्हातारा या दुसऱ्या तटातला. तो म्हणायचा, “पातं बोलकं असतं रे, इंजिनातला दांडा मुका. पात्याला काय झालं ते दिसतं. दांड्याला काय झालं ते तो एकदाच सांगतो.”

वर्ना पिशवी खांद्याला लावून येऊन उभी राहिली होती.

“काय झालं?”

“पंखा घासला.”

“उडतंय ना?”

“उडेल. पोचेल का, ते सांगता येत नाही.”

तिने पात्याकडे पाहिलं, मग त्याच्याकडे. “लायल, एवढंसं तर आहे.”

त्याने मॅडलिनच्या घरी जाऊन विमानाच्या मालकाला, डेलला, फोन लावला. डेलने सगळं ऐकून घेतलं.

“कानस मार, इंजिन फिरवून बघ. थरथरलं नाही तर ये निघून.”

“उघडून बघायला हवं, डेल.”

“उघडलं की माझा सीझन बसला. आज दुसरं विमानही नाही, सगळी वणव्याच्या धुरापलीकडे अडकलीत. उद्या सकाळी पाठवीन. आणि त्या पोरीचा बाप उद्यापर्यंत थांबणार नाही म्हणे.” मग तो म्हणाला, “विमानात तू बसणारेस, आजीबाई, मी नाही. तुझं तू ठरव.”

झालं. म्हणजे चुकलं तर लायलचं, निभावलं तर डेलचं.

तो परत विमानापाशी आला आणि हत्यारांच्या पेटीतून त्याने कानस काढली. जुनी, चपटी कानस. तिची मूळची लाकडी मूठ फुटली तेव्हा बेसिलने मूस हरणाच्या शिंगाची नवी मूठ करून दिली होती, त्यावर एक छोटा कावळा कोरून. कावळा चोरावर लक्ष ठेवतो, म्हणाला होता. लायलने मुडपलेल्या टोकावर कानस ठेवली आणि एक हात मारला. मग दुसरा. खरवड्याखालून लख्ख पांढरा धातू दिसला.

तिथेच तो थांबला. टोक असं चकचकीत झालं की डोळ्यांना बरं वाटणार, आणि डोळ्यांना बरं वाटलं की मन त्यावर विश्वास ठेवणार, हे त्याला ठाऊक होतं. त्याने कानस चाकावर ठेवली आणि वर्नाकडे वळला.

“नाही जमणार. उद्या सकाळी.”

ती ओरडली नाही. ओरडली असती तर त्याला सोपं गेलं असतं. ती म्हणाली, “माझा बाप एकटा मरेल तिथे. भिंतीकडे बघत. तू घाबरलास म्हणून.”

“हो,” लायल म्हणाला. “घाबरलो.”

आपण बरोबर आहोत याची त्याला तेव्हा खात्री होती, आणि आपण हलकट आहोत याचीही.

विमान मागे ढकलून, खडी भरलेल्या पिंपांना दोराने बांधून झाल्यावर तो हत्यारं गोळा करायला लागला. कानस चाकावर नव्हती. खाली नव्हती, पेटीत नव्हती. त्याने गुडघे टेकून खडी चाळली. वर्ना दूर आपल्या पिशवीवर बसली होती.

“माझी कानस घेतलीस का?”

“मला काय करायचीय तुझी कानस?”

ते खरंच होतं. तिथे दुसरं कोणी फिरकलंही नव्हतं.

मॅडलिनने दोघांना घरात बोलावलं. स्वयंपाकघरात शेगडी पेटलेली, फळीवर वैमानिकांची बोलणी ऐकायचा रेडिओ खरखरत होता. गावात येणाऱ्या-जाणाऱ्या विमानांचं कामकाज तीच बघायची. तिने चहा ओतला आणि पायलट ब्रेडच्या कडक बिस्किटावर लोणी फासून ते लायलपुढे सरकवलं.

“खा. दातांची परीक्षा आहे, पास झालास तर सॅमन देईन.”

“मॅडी आजी, तुझी परीक्षा मी दरवेळी नापास होतो.”

“म्हणून तर दरवेळी येतोस.”

वर्ना खिडकीकडे पाठ करून बसली होती. तिने कपाला हात लावला नव्हता.

पहिल्यांदा कुत्रे गप्प झाले. ते काही भुंकत नव्हते, पण साखळ्यांची नेहमीची किणकिण असते ती थांबली. मग नदीच्या टोकाकडून इंजिन सुरू झाल्याचा आवाज आला.

लायलचं इंजिन सुरू होताना दोनदा खोकतं आणि मग धरतं. हेही दोनदा खोकलं. मग धरलं.

कोणी पोरं चढली की काय, म्हणून तो धावत दारात गेला. विमान होतं तिथेच होतं. दोन्ही पंखांचे दोर ताणलेले, पुढचा पंखा आडवा, स्थिर. भोवती चिटपाखरू नव्हतं.

आवाज चढत गेला.

तो पट्टीवरून घराच्या दिशेने येऊ लागला, आधी खडीवरून खडखडत, मग हलका होत. दोन-चार खडे घराच्या भिंतीवर टणटणले. आवाज छपरावरून गेला तेव्हा टेबलावरचे कप वाजले. सगळे कुत्रे उभे होते. त्यांच्या माना एकदम वळल्या, जमिनीपासून आकाशाकडे, आणि रिकाम्या आकाशात काहीतरी जाताना बघावं तशा टेकडीकडे फिरत गेल्या.

रेडिओ खरखरला.

“टोलाकाकेटहून निघालोय,” एक शांत आवाज म्हणाला. “दोघं आहोत. फेअरबँक्सला.”

आपला आवाज माणूस बाहेरून फारसा ऐकत नाही, त्यामुळे लायलला तो ओळखायला क्षणभर लागला. वर्नाला नाही लागला. ती त्याच्याकडे बघत होती.

मॅडलिनने हात लांब करून रेडिओ बारीक केला.

“चहा घे,” ती म्हणाली. “गार होतोय.”

आवाज नदीच्या वळणावर पोचला होता. तिथे त्याची लय बिघडली. लंगडल्यासारखा तो थोडा चालला.

मग थांबला.

त्यानंतर काहीच ऐकू आलं नाही. कुत्रे बराच वेळ वळणाकडे बघत उभे होते, मग एकेक करून खाली बसले.

“तिथे जाऊन बघायला हवं,” लायल म्हणाला.

“मी माझ्या भाच्याला पाठवते होडी घेऊन. तू नको जाऊ.”

“आजी, ते काय होतं?”

“असल्या गोष्टी बोलायच्या नसतात,” मॅडलिन म्हणाली. तिने वर्नाचा गार झालेला चहा बादलीत ओतला आणि नवा भरून दिला. भाचा होडीने वळणापर्यंत जाऊन आला. पाणी नितळ होतं, तळाचे गोटे दिसत होते, म्हणाला.

संध्याकाळी फोन वाजला तो वर्नासाठी. लायलला एकच बाजू ऐकू येत होती आणि तीही थोडीच.

“हो, मीच… कधी?… कोण?” तिने फोन दुसऱ्या कानाला लावला. “नाही. हो. ठीक आहे.”

तिने फोन ठेवला. “गेले,” ती म्हणाली.

लायलने बोलायला तोंड उघडलं. “वर्ना, मी…”

“एकटे नव्हते म्हणे,” ती म्हणाली आणि भिंतीकडे तोंड करून आडवी झाली. त्याला वाटलं, एखादी नर्स बसली असेल शेजारी. कोणीतरी होतं हे ऐकून त्याला बरं वाटलं, आणि बरं वाटल्याची लाजही.

सकाळी डेलने पाठवलेलं विमान आलं, सोबत मेकॅनिक. त्याने पंखा उतरवला, आतल्या दांड्याच्या तोंडावर भेग दाखवणारं लाल औषध फासलं, पुसलं आणि भिंग लावून बघत बसला. मग त्याने लायलला बोलावून दाखवलं. केसाएवढी लाल रेघ दांड्याच्या पाऊण वेढ्यातून गेली होती.

“नदीच्या वळणापर्यंत गेला असतास,” मेकॅनिक म्हणाला. “फार तर.”

लायलने मान हलवली. एरवी हे ऐकून त्याने डेलला फोन केला असता आणि ‘आजीबाई’ या शब्दाची चांगली परतफेड केली असती. त्याने फोन केला नाही.

आलेल्या विमानातून तो वर्नासोबत फेअरबँक्सला गेला. विमानतळावर तो तिचा निरोप घेऊ लागला तेव्हा ती म्हणाली, “तूही चल इस्पितळात.”

“मी कशाला? घरच्यांत माझं काय काम?”

“चल. त्या बाईने तुला एकदा बघितलेलं बरं.”

कोणत्या बाईने, ते तिने सांगितलं नाही. वाटेत ती एवढंच म्हणाली, “मी काल रागावले होते तुझ्यावर. आता नाही. पण आता मला भीती वाटते, लायल.”

इस्पितळाच्या मजल्यावर जाडसर चष्म्याची एक वयस्क नर्स होती. वर्नाला बघताच ती टेबलामागून उठून आली आणि तिने वर्नाचे दोन्ही हात हातात घेतले.

“काल न सांगताच गेलीस गं. फोन केला तेव्हा म्हणालीस, मी अजून गावातच आहे. मी समजले, दुःखात माणसाला काही सुचत नाही.” तिने वर्नाच्या केसांवरून हात फिरवला. “वाळले ना नीट? केवढी भिजली होतीस. टॉवेल दिला तर घेतला नाहीस, बाबांचा हात सोडायचा नाही म्हणून.”

वर्नाने बाजूला होऊन लायलला पुढे येऊ दिलं.

नर्सचा चेहरा खुलला. “हे पण आलेत. तुम्ही आत यायला हवं होतंत काल. बाहेर बाकावर बसून राहिलात, पायाखाली हे डबकं. सफाईवाल्याने दोनदा पुसलं. कुठल्या पावसातून आलात दोघं? इकडे तर थेंब नव्हता.”

“मी…” लायल म्हणाला.

“थांबा, तुमची वस्तू आहे माझ्याकडे. हिने बाबांच्या हातात दिली होती, ते शेवटपर्यंत सोडेनात. मूठ चाचपत होते आणि हसत होते.”

तिने खणातून प्लॅस्टिकची पिशवी काढून त्याच्या हातात ठेवली. पिशवीच्या आत ओल धरली होती. शिंगाची मूठ, मुठीवर छोटा कावळा.

लायलने कानस बाहेर काढली आणि उजेडात धरली. त्याने तिचे दोनच हात मारले होते. पण तिच्या एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत, एकूण एक दातात, पांढरा लख्ख धातू ठासून भरलेला होता. दोन्ही पाती नीट, सारखी घासून पुरी केल्यावर भरतो तेवढा.