राजाच्या तोंडी एकही वाक्य नाही

दारावरचा लाल दिवा लागलेला होता, आणि मी खुशाल आत शिरले. आमची पहिली भेट ही अशी...

"हा दिवा काय शोभेला लावलाय?" कानावरचे हेडफोन उतरवत तो म्हणाला. त्याचं दुपारभराचं रेकॉर्डिंग माझ्या चपलांच्या आवाजाने वाया गेलं होतं. मी मुकाट्याने बोलणी खाल्ली आणि माफ करा एवढंच म्हटलं. मग तोच ओशाळला. खुर्ची पुढे सरकवली, पाणी दिलं. पिताना थोडं माझ्या अंगावर सांडलं, तसा तो खिडकीकडे बघत राहिला. ते नजर वळवणं मला आवडलं.

अंध श्रोत्यांसाठी त्या स्टुडिओत जुनी पुस्तकं वाचून रेकॉर्ड करत. मी वाचायला आले होते ती माझ्या मावशीपायी. आईच्या माघारी तिनेच मला वाढवलं. तिची नजर गेली, आणि आवडतं जुनं नाटक माझ्याच आवाजात हवं असा तिने हट्ट धरला. बाकीचं नाटक भराभर झालं. अडलं ते शेवटच्या प्रवेशापाशी. लढाईहून परतलेल्या राजाला राणी तिथे पानंच्या पानं बोलते. राजा मान खाली घालून ऐकतो. त्याच्या तोंडी एकही वाक्य नाही.

"तुमची राणी रागावतच नाही," काचेपलीकडून तो म्हणायचा. "राजाला पत्ता विचारतेय असं वाटतं."

"मग तुम्हीच व्हा राणी."

"मला राजाचंच काम बरं. बोलायचं काही नाही... नुसतं बघत बसायचं."

मी पुस्तकाचं पान उलटायचे — उगाचच.

मला खरंच कुणावर रागावता येत नसे. मावशीला कीर्तनांचं भारी वेड. ती म्हणायची, अगं, भक्त देवालासुद्धा चांगले खडसावतात, कारण तो आपला आहे याची त्यांना खात्री असते. तुला अजून तसं कुणी भेटलं नाही, एवढंच.

पुढे राणी जरा जरा रागावू लागली, तरी काम काही संपेना. दर वेळी तो सांगायचा, मशीनमध्ये घरघर आली, उद्या पुन्हा करू. इकडे मावशी अंथरुणाला खिळत चाललेली. त्याला मी ते कधी सांगितलं नव्हतं. रोज संध्याकाळी तिचा एकच प्रश्न असायचा, बोलली का गं राणी?

एक दिवस मी लवकर पोचले. दिवा बंद होता, दार उघडं. आत माझाच आवाज चालू होता — स्वच्छ, कुठे घरघर नाही की काही नाही. आणि तो डोळे मिटून ऐकत होता.

मी काचेआड जाऊन बसले. त्याने गडबडीने टेप सुरू केली. लाल दिवा लागला. राणीचं पहिलं वाक्य ओठांवर आलं आणि तिथेच राहिलं.

"खोटारडा आहेस तू. तिकडे माझी मावशी अंथरुणात कान लावून पडलीय, आणि तू रोज मशीनवर आळ घेतोस? मला थांबवायचं होतं तर थांब म्हणायचं. मी थांबले नसते का?"

ते शेवटचं कुठून आलं कोण जाणे... त्याचा चेहरा उतरला. त्याने मान खाली घातली, एक शब्द बोलला नाही. मग डोळे पुसत मी राणीचा सगळा प्रवेश एका दमात वाचून काढला.

त्याच संध्याकाळी तो टेप घेऊन घरी आला. काहीही कापलं नव्हतं. चूक माझी आहे, मावशींना सगळं ऐकू द्या, असं म्हणून दाराशीच उभा राहिला. मावशीने उशीला टेकून शेवटपर्यंत ऐकलं.

"राणी छान रागावली हो," ती म्हणाली. "पण तिच्या आधी जी बोलली ना, तिची माया जास्त आहे." मग दाराच्या दिशेने तोंड करून म्हणाली, "राजे, बाहेर का? आत या."

मावशीला जाऊन आता कितीतरी वर्षं झाली. ती टेपही झिजली. मी मात्र आजही हक्काने रागावते, आणि तो मान खाली घालून ऐकून घेतो. माझं सगळं बोलून झालं की हळूच विचारतो —

"पुन्हा एकदा म्हणतेस? मशीनमध्ये जरा घरघर होती."