चादरीचं दुसरं टोक

पहिल्या दिवशी उशीर नको म्हणून चिमीची आई घरातून इतक्या लवकर निघाली, की दवाखान्याचं धुलाईघर उघडायला आलेल्या मुकादमबाईच तिला दारात बघून दचकल्या. आयुष्यातली पहिली नोकरी, आणि तीही पस्तिशी उलटल्यावर! धाकटे दीर आदल्याच दिवशी बजावून गेले होते, तुम्हाला हे झेपायचं नाही वहिनी, पोरीला आमच्याकडे पाठवा. वाईट मनाने नव्हे हो, पण चिमी गेली की त्या घरात उरणार काय? तेव्हा आजचा दिवस धड पार पडायलाच हवा होता. शेजारच्या काकूंनी मंत्र दिला होता, हसतमुख राहा, उलटं बोलू नको आणि पहिल्याच दिवशी रजेचं विचारू नको.

मुकादमबाई मागच्या खोलीच्या दारापर्यंत आल्या. आत मात्र आल्या नाहीत. यंत्रातून वाळून निघणाऱ्या चादरींच्या घड्या घालायच्या, संध्याकाळपर्यंत टिकलीस तर नोकरी पक्की, असं त्यांनी उंबऱ्यावरूनच सांगितलं.

"जोडीला कोण आहे?"

"कोणी नाही..." बाईंचा आवाज खाली आला. "पण आहे असं वाटेल. किंचाळू नकोस. आधीच्या सगळ्या जेवणाच्या सुट्टीआधीच पळाल्या."

खोलीला खिडकी नव्हती. एक पिवळा दिवा, यंत्राची घरघर, आणि एवढी वाफ की समोरची भिंतही दिसेना. साबणाच्या वासाखालून औषधाचा वास येत होता. तो वास तिच्या ओळखीचा होता. याच इमारतीत, वरच्या मजल्यावर, गेल्या वर्षी चिमीचे बाबा गेले. अशीच पांढरी चादर त्यांच्या डोक्यापर्यंत ओढली होती, आणि तिला बाहेर नेलं होतं. दुसरीकडे कुठे काम मिळालं असतं तर ती इकडे फिरकलीही नसती.

एकटीने घडी घालायची आता तिला सवय झाली होती. मधोमध हनुवटीखाली धरायचं आणि हात ताणायचे. पण या चादरी कसल्या लांबलचक! दुसरं टोक फरशीवर लोळायला लागलं, म्हणून ती उचलायला वाकली.

टोक आपणहून वर उठलं.

किंकाळी अगदी ओठांवर आली होती, पण किंचाळून पळालं की चिमी गेली, हे तिला पक्कं ठाऊक होतं. तिने दात आवळले. वाफेच्या पलीकडे कोणीतरी चादर ताणून धरली, दोन्ही टोकं जवळ आणली... आणि मधोमध चादरीला पीळ पडला.

आता हे सांगायलाच हवं. चिमीच्या बाबांना संसारात सगळं जमलं, चादरीची घडी तेवढी जमली नाही. बायको उजवीकडे वळवणार तर हे हटकून डावीकडे. ती वैतागली की तोंडाने हसायचे नाहीत, चादरीला दोन बारीक हिसके द्यायचे.

तिच्या तोंडून निघूनच गेलं, "अहो... पुन्हा उलटं?"

पलीकडे सगळं थांबलं. मग चादरीला दोन हिसके बसले. हलकेच.

ती रडली, पोटभर रडली. डोळे त्याच चादरीला पुसले, त्यामुळे ती बिचारी पुन्हा धुवायला टाकावी लागली. मग मात्र पदर खोचून कामाला लागली. दिवसभर ती बोलत होती. चिमीचा दात पडला, नळ अजून गळतोच आहे, तुमचा भाऊ असं असं म्हणाला. त्यांनी प्रत्येक चादर पिळली आणि तिने ती सरळ केली. एकदा टोकं जुळवताना बोटांना बोटं लागली. चादर हाताला चटका देत होती, बोटं मात्र गारठलेली होती. भीती काही गेली नव्हती, पण तिने हात मागे घेतला नाही.

शेवटची चादर राहिली तेव्हा ती म्हणाली, "सोडा आता. पोर वाट बघत असेल." चादर बराच वेळ ताणलेलीच राहिली. मग सैल पडली.

मुकादमबाईंनी घड्यांचे ढीग उंबऱ्यावरूनच मोजले. "उद्यापासून कायम," एवढंच म्हणाल्या.

काकूंकडून चिमीला घेऊन तिने घराचं कुलूप उघडलं. सकाळच्या घाईत अंथरुणं तशीच पसरून ती गेली होती. आता त्यांच्या घड्या घातलेल्या होत्या, सगळ्या पिळलेल्या, वेड्यावाकड्या. आणि मधोमध, वर्षभर ट्रंकेत असलेलं बाबांचं अंथरूण घातलेलं होतं. तिने हात लावून पाहिला. उबदार होतं, यंत्रातून आत्ता काढल्यासारखं.

दमलेली चिमी काही न विचारता आपल्या जागेवर आडवी झाली. जुन्या सवयीने तिने मधल्या अंथरुणाकडे हात टाकला. तिची बोटं हळूहळू मिटली.

"आई..." ती झोपेतच पुटपुटली. "बाबांचा हात किती गार आहे."

चिमीच्या आईने पांघरूण आणून दोघांवर घातलं. खूप मायेने घातलं. मग ती पोरीच्या उशाशी बसली आणि तिची मूठ सोडवायला लागली.

"अहो..." ती कुजबुजली. "तिला सकाळी शाळा आहे. सोडा आता."

मूठ काही उघडेना.