उन्हानं सोडलेली जागा

दहिवडीत माझं औषधांचं दुकान आहे. डॉक्सीसायक्लिन देताना मी प्रत्येकाला बजावते, "गोळ्या चालू आहेत तोवर उन्हात फिरू नका, कातडी भाजेल." आणि प्रत्येक जण मान डोलावून उन्हातच जातो.

हरणाबाईनं तर मानही डोलावली नाही. "आवं ताई, मेंढरं काय सावलीत चरत्यात व्हय?" म्हणाली आणि गोचीडतापाच्या गोळ्या घेऊन गेली.

आठवड्यानं आली ती हात भाजून. लालबुंद, फोड आलेले. मी जाम चिडले होते. पण डाव्या हाताकडे नजर गेली आणि मी तो जवळ ओढला. कोपराखाली कुणी हात धरावा तशी चार बोटं, पलीकडे अंगठा. तेवढीच कातडी कोरी होती. मी माझी बोटं लावून पाहिली. ती खूण मोठी होती, पुरुषाची. मधलं बोट अर्ध्यातच संपत होतं.

"आमच्या मालकांचं बोट कडबाकुट्टीच्या मशिनीत गेल्यालं," ती हळूच म्हणाली.

तिचा नवरा धनाजी कामाला म्हणून मुंबईला गेला, तो तीन वर्षं आलाच नव्हता. त्याचे फोन येतात, असं फक्त तिची सासू बायडाबाई सांगायची.

"ताई, जित्या माणसाचा हात असा उठंल का?"

मला काय ठाऊक! भीती वाटली, पण खरं सांगते, उत्सुकताच जास्त होती. मी मलम दिलं आणि गोळ्या बंद करायला सांगितल्या.

आमच्याकडे एकाच्या गोळ्या दुसऱ्यानं खायची रीतच आहे. उरलेल्या गोळ्या बायडाबाईनं खाल्ल्या. लेकाचा हात आपल्याही अंगावर उठावा म्हणून म्हातारी रोज पदर न घेता अंगणात उन्हात बसली.

हरणाबाई तिला दुकानात घेऊन आली, तेव्हा म्हातारीनं नाकापर्यंत पदर ओढला होता.

"आत्ती, ताईंच्या म्होरं खरं सांगा. फोन त्यांचाच येतो का? हायती का गेलं?"

म्हातारीच्या डोळ्यांतून पाणी आलं. ती मान हलवत होती, काहीतरी सांगायला धडपडत होती. आवाज फुटेना.

मी पदर बाजूला केला.

सगळा चेहरा भाजला होता. फक्त तोंडावर कोरा पंजा होता, या गालापासून त्या गालापर्यंत, मधलं बोट अर्धंच.

बोटांच्या जागी गाल आत दबले होते. अजूनही.