फाईल उघडी आहे

नऊ वर्षांपूर्वी मला एक पत्र आलं होतं. चार ओळींचं. त्याला मी उत्तर दिलं नाही.

तिथूनच सुरुवात करायला हवी, नाहीतर पुढचं कोणाला पटणार नाही. तसंही ते पटेल याची मला खात्री नाही. पण यातलं एक अक्षरही माझ्या पदरचं नाही. चाळीस वर्षं छापखान्यात दुसऱ्यांच्या मजकुरातल्या चुका शोधल्या. स्वतःच्या मनाने काही रचायची धमक माझ्यात कधी नव्हतीच.

पत्र होतं आमच्या छापखान्यातल्या टकटकबाईंचं.

हे नाव त्यांना का पडलं ते सांगतो. मुद्रितं तपासायला आम्ही जोडीने बसायचो. बाई मूळ प्रत मोठ्याने वाचायच्या, मी छापील कागदावर नजर ठेवायचो. विरामचिन्हं त्या तोंडाने म्हणत नसत. स्वल्पविराम आला की टेबलावर पेन्सिलीचा एक ठोका. पूर्णविरामाला दोन. आणि प्रश्नचिन्ह आलं की पेन्सिलीचं बूड टेबलावरून लांब ओढायच्या...

खर्रर्र.

मला त्या मौनीबाबा म्हणायच्या. सगळेच म्हणायचे.

आम्ही दोघांनी मिळून अवजारांच्या नावांचा एक कोश केला. अकरा वर्षं लागली. निम्म्याहून जास्त शब्द बाईंचे. सुतार असो, शिंपी असो, गवंडी असो, त्या थेट आत शिरून विचारायच्या, "हे हातात काय हो? याला काय म्हणता तुम्ही?" मी बाहेर वही धरून उभा.

कोश छापून आला. आतल्या पानावर एकट्या माझं नाव होतं.

पत्रात बाईंनी त्याबद्दलच विचारलं होतं. चुकून राहिलं, की काढलं?

उत्तर मला ठाऊक होतं. आज लिहू, उद्या लिहू करत राहिलो. चार वर्षांपूर्वी बाई गेल्या. मग लिहायचं कोणाला, असं म्हणून मी ते पत्र एका जाड पुस्तकात ठेवून दिलं.

आता गेल्या महिन्यातलं. सोमवार होता. सकाळी छापखान्याच्या मालकांचा फोन आला, कोशाची नवी आवृत्ती निघतेय, शुक्रवारपर्यंत स्वच्छ प्रत पाठवा.

दुपारी कॉम्प्युटरसमोर बसलो, तर तो म्हणे बॅकअपला जागा नाही.

माझ्याकडे बाहेरून जोडायची एक हार्ड डिस्क आहे. रोज दुपारी कामाची एक प्रत आपोआप तिच्यात जाऊन पडते. वर्षानुवर्षांच्या प्रती साचल्या होत्या. मी जुन्यातली जुनी धरून पुसायला लागलो.

एकेक गेली.

एक मात्र जाईना.

'ही फाईल उघडी आहे. बंद करून पुन्हा प्रयत्न करा.'

काहीही उघडं नव्हतं. कॉम्प्युटर बंद केला, चालू केला. पुन्हा तेच. मग फाईल कुठली ते नीट वाचलं...

कोशाची. नऊ वर्षांपूर्वीची. छपाईला जायच्या आदल्या आठवड्यातली.

मला पहिला संशय आला तो बहिणीचा. धाकटी बहीण माझ्याकडेच राहते.

"तू कॉम्प्युटरला हात लावलास?"

"मी? त्या खोक्याला? दादा, तुझ्या खोलीतली धूळ पुसायची म्हटली तरी मला अर्ज द्यावा लागतो."

"मग फाईल उघडी कशी?"

"तूच उघडली असशील. परवा तुझा चष्मा फ्रिजमध्ये सापडला. तो काय मी ठेवला होता?"

हे खरं होतं. म्हणून मग मला माझाच संशय आला. या वयात तो घ्यायला सोपा जातो.

मंगळवारी सकाळी बघतो, तर त्या फाईलवर शेवटच्या बदलाची वेळ आली होती. काल, दुपारचे चार वाजून दहा मिनिटं.

काल चार वाजून दहा मिनिटांनी आम्ही दोघं बहीणभाऊ बाहेर पायरीवर बसून चहा पीत होतो.

खोलीत कोणी नव्हतं.

कॉम्प्युटर दुरुस्तीवाल्याला बोलावलं. जाडजूड, बोलका माणूस. खुर्चीत बसता बसताच म्हणाला, "काका, अशा हट्टी फायली रोज बघतो. पाच मिनिटांचं काम."

पाऊण तास झाला. त्याने बाकीचे सगळे प्रोग्रॅम बंद करून कॉम्प्युटर नुसता जेमतेम चालू ठेवला. फाईलवरचे सगळे हक्क माझ्या नावावर करायला गेला, ते होईनात. बोलणं हळूहळू थांबलं. शेवटी त्याने कपाळ पुसलं.

"काका, ही कोणीतरी उघडून बसलंय हो."

"कोण?"

"तेच तर दाखवत नाही." तो डिस्क काढून पिशवीत टाकत म्हणाला, "दुकानातल्या मशीनला लावतो. तिथे कोण येतंय उघडायला?"

तो गेल्यावर बहीण म्हणाली, "बघ, आता डिस्क बिघडली म्हणून नवी गळ्यात मारणार."

मलाही तसंच वाटलं. खरं सांगायचं तर, तसंच असावं असं वाटलं.

बुधवारी तो आला. आत आला नाही. दारातूनच हात लांब करून डिस्क पुढे केली.

"दुकानातही उघडीच दाखवते."

"मग सगळी डिस्कच कोरी करून टाकायची."

"केली. दोनदा. बाकी सगळं गेलं, काका. एवढी एकच आहे."

"असं कसं होईल?"

"होत नाही. अठरा वर्षांत कधी झालेलं नाही." तो माझ्या खांद्यावरून आत खोलीकडे बघत होता. "आणि ती टकटक करते. मला वाटलं, डिस्क मरायला टेकली. मरताना असा आवाज करतात."

"मग तेच असेल."

"वायर काढल्यावरही करत होती, काका."

चहा घ्या म्हटलं, तर नको म्हणाला. एवढा बोलका माणूस. जिना उतरताना मागे वळूनसुद्धा बघितलं नाही.

मी डिस्क टेबलावर ठेवली. जोडली नाही. वायर खणात टाकून खण लावून घेतला.

बाहेर लख्ख ऊन होतं. स्वयंपाकघरात बहीण भांडी घासत होती. भुतांच्या गोष्टींत असतं तसं काहीच नव्हतं. मी जाड पुस्तकातून बाईंचं पत्र काढलं. का काढलं ते विचारू नका. टकटक हा शब्द त्या माणसाच्या तोंडून आल्यापासून डोक्यात बाईच होत्या.

मनातल्या मनात वाचायला लागलो. ओठही हलवले नाहीत.

'मौनीबाबा,'

टक.

मी डिस्ककडे बघितलं. ती टेबलावर होती तशीच होती. दिवा नाही, घरघर नाही.

'कोश मिळाला.'

टक टक.

'बांधणी चांगली आहे,'

टक.

'कागदही'... इथे मी मुद्दाम थांबलो. नजर त्या शब्दावरच रोखून धरली.

काही नाही.

घड्याळाचा काटा ऐकू येत होता. बाकी काही नाही.

नजर पूर्णविरामावर नेली...

टक टक.

"दादा!" स्वयंपाकघरातून बहीण ओरडली. "टेबल काय ठोकतोयस? भांड्यांच्या आवाजातसुद्धा डोक्यात जातंय!"

माझ्या दोन्ही हातांत पत्र धरलेलं होतं.

आता संशय घ्यायला कोणी उरलं नव्हतं.

पत्र मिटून ठेवायला हवं होतं. ठेवता आलं नाही. पुढची ओळ डोळ्यांपुढून सरकली. 'आतल्या पानावर माझं नाव दिसलं नाही.' टक टक. 'चुकून राहिलं,' टक. 'की काढलं?'

खर्रर्र...

लांब. टेबलाच्या त्या कडेपासून या कडेपर्यंत. माझ्या कोपराजवळ येऊन थांबला आवाज.

मजकूर वाचून झाला की बाई चष्म्यावरून माझ्याकडे बघत थांबायच्या. मी 'बरोबर' म्हटल्याशिवाय पान उलटत नसत. तशी ती खोली थांबली होती.

मी काहीच म्हटलं नाही. मौनीबाबाच मी.

रात्रभर झोप लागली नाही. गुरुवारी सकाळी डिस्क जोडली आणि आयुष्यात पहिल्यांदा जरा वेगळं केलं. ती फाईल पुसायला गेलो नाही. उघडली.

चटकन उघडली.

पहिल्या पानावर दोन नावं होती. आधी बाईंचं, मग माझं.

ते पान मी जसंच्या तसं नव्या प्रतीला लावून पाठवून दिलं. तासाभरात मालकांचा फोन.

"मौनीबाबा, हे काय नवीन काढलंत?"

"नवीन नाही. जुनंच आहे."

"अहो, बाई जाऊन चार वर्षं झाली. आता कोण विचारतंय?"

मी डिस्ककडे बघितलं.

"विचारतायत," मी म्हटलं. "दोन्ही नावं छापा. नाहीतर कोश छापू नका."

"बघू" म्हणून मालकांनी फोन ठेवला. छापतील की नाही, अजून कळलेलं नाही.

पण त्या दुपारी मी कागद घेतला आणि लिहिलं.

'बाई, चुकून राहिलं नाही. काढलं मालकांनी. पण शेवटचं मुद्रित माझ्याकडेच आलं होतं आणि तुमचं नाव नाही हे मला दिसलं. लाल पेन हातात होतं. मालकांसमोर बोलायची लाज वाटली, असं मी स्वतःला सांगत आलो. ते निम्मंच खरं आहे. एकटं माझं नाव बघून मला बरं वाटलं होतं. "तपासले" असं लिहून मी खाली सही केली.'

पाकिटावर नाव बाईंचंच घातलं. खाली, द्वारा म्हणून, त्यांच्या मुलीचं.

गल्लीच्या टोकाला टपालपेटी आहे. पोचलो तेव्हा पोस्टमन पेटी रिकामी करून कुलूप लावत होता. "आता उद्याच निघेल हं, आजोबा," म्हणाला आणि सायकलवर टांग टाकून गेला.

मी फटीतून पाकीट आत सोडलं.

रिकाम्या पेटीत पाकीट पडलं की तळाच्या पत्र्यावर वाजतं. मी कान देऊन उभा राहिलो...

वाजलं नाही.

फटीतून आत बघायची हिंमत झाली नाही. तसाच घरी आलो.